पैसे कोणी भरले? इंग्लंडमधल्या अप्रेंटिसांच्या जुन्या नोंदींतून पूर्वज शोधताना

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याचा माग काढताना १८३७ पर्यंत फारसं अडत नाही. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ च्या जनगणनेपासून घरातल्या माणसांची नावं मिळतात आणि १८५१ पासून प्रत्येकाचा जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावाचा भाग, तोही. त्याच्या मागे गेलं की गाडी अडते. हातात उरतात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि त्यांत 'विल्यमचा मुलगा जॉन' एवढंच. एकाच गावात दहा वर्षांत असे तीन जॉन सापडतात. आपला नेमका कोणता, हे वही सांगत नाही.

अशा वेळी मी सगळ्यांना अप्रेंटिसच्या नोंदींकडे पाठवते. अप्रेंटिस म्हणजे करार करून धंदा शिकायला मालकाच्या हाताखाली गेलेला उमेदवार; असा करार झाला की मुलगा 'बांधला गेला' म्हणायचं. चांगली नोंद असेल तर एका ओळीत मुलाचं नाव, बापाचं नाव, बापाचं गाव, बापाचा धंदा, बाप हयात आहे की नाही, मुलगा कुणाच्या हाताखाली गेला, कुठे, कोणता धंदा शिकायला, किती वर्षांसाठी आणि किती पैसे मोजून, हे सगळं मिळतं. १८३७ च्या आधी सामान्य माणसाच्या दोन पिढ्या आणि दोन गावं इतकी घट्ट जोडणारे कागद फार थोडे आहेत.

अडचण एवढीच की या नोंदी एका जागी नाहीत. सगळ्या इंग्लंडची मिळून अप्रेंटिसांची एक यादी कधीच ठेवली गेली नाही. म्हणून शोधाला बसण्याआधी एक प्रश्न विचारावा: मुलाला कामाला लावताना पैसे कोणी भरले? बापाने भरले असतील तर कागद करखात्याकडे गेला. लंडनच्या एखाद्या कंपनीमार्फत, म्हणजे धंदेवाल्यांच्या जुन्या संघामार्फत, मुलगा बांधला गेला असेल तर तो कंपनीच्या वहीत आहे. पॅरिशने भरले असतील तर चर्चच्या पेटीत, धर्मादाय संस्थेने भरले असतील तर त्या संस्थेच्या दफ्तरात. कोणीच भरले नसतील तर वाट वेगळी आहे, तीही पुढे सांगते.

कायद्याची चौकट, थोडक्यात

१५६३ मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात कारागिरांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार किमान सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय धंदा करता येत नसे. हे बंधन १८१४ मध्ये उठलं. या अडीचशे वर्षांतच नोंदी सर्वांत दाट आहेत. न्यायालयांनी या कायद्याचा अर्थ असा लावला की १५६३ मध्ये जे धंदे अस्तित्वात होते त्यांनाच तो लागू. त्यामुळे नंतर उपजलेल्या धंद्यातल्या माणसाची उमेदवारी सापडली नाही तर ती झालीच नसण्याची शक्यता बरीच असते.

सात वर्षं हा सर्वसाधारण आकडा होता, पण त्याला अपवाद भरपूर. मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध झालेला जोसाया वेजवुड १७४४ मध्ये आपल्याच थोरल्या भावाकडे, टॉमसकडे, पाच वर्षांसाठी बांधला गेला. पुढे दर्यावर्दी म्हणून नाव कमावणारा जेम्स कुक १७४६ मध्ये व्हिटबीच्या जॉन वॉकर या जहाजमालकाकडे तीन वर्षांसाठी गेला. म्हणजे वर्षं सातपेक्षा कमी दिसली म्हणून नोंद आपली नाही असं समजू नका, आणि मालकाचं आडनाव तेच असेल तर नात्यातला मालक आहे का हे जरूर तपासा.

सुरुवात घरच्या कागदांपासून

थेट अप्रेंटिसच्या याद्यांत नाव टाकून शोधलं तर जॉन स्मिथ शेकड्यांनी येतील. आधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: अंदाजे जन्मसाल, धंदा आणि एखादं तरी गाव.

धंदा कळण्याच्या जागा अशा. १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत म्हातारपणीही माणसाचा धंदा लिहिलेला असतो. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत १८१३ पासून बापाचा धंदा असतो, कारण त्या वर्षापासून छापील नमुन्याच्या वह्या सक्तीच्या झाल्या. १८३७ नंतरच्या लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा असतो. मृत्युपत्र सापडलं तर उत्तमच. त्यात लोक आपली ओळख धंद्यानेच करून देत आणि हत्यारं कुणाला द्यायची हेही कधी लिहून ठेवत.

मुलगा बहुधा चौदाव्या वर्षाच्या आसपास बांधला जाई. जन्मसाल १७३० असेल तर १७४२ ते १७४८ हा पट्टा आधी पाहा. उलटही चालतं: १७४४ ची नोंद हाती आली तर बाप्तिस्मा १७२८ ते १७३२ च्या वह्यांत शोधायचा. पॅरिशने बांधलेली मुलं मात्र कितीतरी लहान असत. सात-आठ वर्षांचीसुद्धा सापडतात.

शोध मुंबई-पुण्याकडून सुरू होत असेल तर

आपल्याकडे अनेकांचा हा शोध खडकी, पुणे, देवळाली, अहमदनगर किंवा मुंबईतल्या एखाद्या थडग्यापासून किंवा चर्चच्या दाखल्यापासून सुरू होतो. घरात आजीच्या बाजूने एखादा इंग्रज शिपाई किंवा रेल्वेचा फिटर निघतो आणि तिथेच माहिती संपते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये 'एन ३' या मालिकेत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फाइंडमायपास्ट या साइटवर पाहता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधयादीही पाहावी, ती फुकट आहे.

पण आपल्याला त्याच्याही मागे जायचंय. शिपाई राजाच्या पलटणीतला असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यू ओ ९७' या मालिकेत निवृत्तीचे कागद आहेत. त्यांत जन्माचा पॅरिश आणि भरती होण्याआधीचा धंदा लिहिलेला असतो. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला असेल तर इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधली 'एल मिल १२' ही मालिका बघा. 'विणकर, पॅरिश अमुक, परगणा तमुक' एवढी ओळ मिळाली की पुढचा सगळा लेख तुम्हाला लागू होतो. रेल्वेवाल्यांचं थोडं वेगळं आहे. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, म्हणजे इथे आलेले ड्रायव्हर-फिटर शिकले ते सक्ती उठल्यानंतरच्या काळात. त्यांच्यासाठी जनगणना आणि रेल्वे कंपन्यांचं नोकरीचं दफ्तर जास्त कामाला येतं. त्यांच्या बापा-आजोबांसाठी मात्र इथलीच वाट.

बापाने पैसे भरले: मुद्रांक शुल्काच्या वह्या

मुलाला शिकवायला घेताना मालक रक्कम घेई. तिला प्रीमियम म्हणत. १ मे १७१० पासून सरकारने या रकमेवर कर बसवला: ५० पौंडांपर्यंत दर पौंडामागे ६ पेन्स आणि रक्कम त्याहून मोठी असेल तर पौंडामागे १ शिलिंगचा दर (एका पौंडात २० शिलिंग, एका शिलिंगात १२ पेन्स). कर मालकाने भरायचा. तो भरल्याच्या वह्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'आय आर १' या मालिकेत आहेत, १७१० ते १८११ पर्यंतच्या. सगळ्या देशाला कवेत घेणारं यासारखं दुसरं दफ्तर नाही, म्हणून बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी.

अॅन्सेस्ट्री या साइटवर या वह्यांची छायाचित्रं आणि नावांची यादी आहे. सोसायटी ऑफ जीनिऑलॉजिस्ट्सने १७१० ते १७७४ पर्यंतच्या नोंदींची जुनी यादी पूर्वीच करून ठेवलेली आहे. शोधताना मुलाच्या नावाबरोबर मालकाच्या नावानेही शोधा. एकाच मालकाकडे एकाच गावची दोन-तीन मुलं गेलेली दिसली तर नात्यागोत्याचा किंवा शेजारधर्माचा धागा हाती लागतो.

वह्या दोन प्रकारच्या आहेत, 'सिटी' आणि 'कंट्री'. लंडनमध्ये भरलेला कर सिटीच्या वहीत, बाहेर जिल्ह्यांतल्या वसुलीदारांकडे भरलेला कंट्रीच्या. मुलगा गावाकडचा असला तरी मालक लंडनचा म्हणून नोंद सिटीत असू शकते, आणि गावाकडचे काही मालकही लंडनला येऊन कर भरत. दोन्ही पाहिल्याशिवाय नाही म्हणू नका.

आता एक ओळ कशी वाचायची ते. डावीकडे कर भरल्याची तारीख. मग मालकाचं नाव, गाव, धंदा. मग मुलाचं नाव, आणि १७५२ पर्यंतच्या नोंदींत बापाचं किंवा विधवा आईचं नाव, गाव, धंदा. मग कराराची तारीख, मुदत, प्रीमियम आणि शेवटी कर. दोन तारखांची गल्लत सगळ्यात जास्त होते. उमेदवारी संपल्यावर एक वर्षापर्यंत कर भरायची मुभा होती, म्हणून १७२० ला करार झालेला मुलगा १७२८ च्या पानावरही सापडतो. वंशावळीत कराराची तारीख घ्या.

प्रीमियमचा आकडा पुसट झाला असेल तर करावरून तो काढता येतो. कर १० शिलिंग असेल तर १२ ने गुणून १२० पेन्स झाले, दर पौंडाला ६ पेन्स, म्हणजे प्रीमियम २० पौंड. आणि रक्कम नुसती कोरडी माहिती म्हणून सोडून देऊ नका. पाच पौंडांत चांभाराकडे गेलेला मुलगा आणि शंभर पौंडांत व्यापाऱ्याकडे गेलेला मुलगा एकाच ऐपतीच्या घरातले नसतात. तीन विल्यमांपैकी कोणता बाप एवढी रक्कम मोजू शकला असता, याचा विचार केला की एखादा विल्यम आपोआप गळतो.

या वह्यांच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. १७५२ नंतर आई-बापाची नावं क्वचितच आहेत. एका शिलिंगपेक्षा कमी रक्कम, पॅरिशने किंवा धर्मादाय पैशातून बांधलेली मुलं, यांना कर माफ होता. बापाने स्वतःच मुलाला धंदा शिकवला तर नोंदीचा प्रश्नच नाही. आणि कर चुकवणारे तेव्हाही होतेच.

लंडनच्या कंपन्या: सगळ्यांत श्रीमंत दफ्तर

लंडन शहराच्या हद्दीत दुकान टाकायचं तर 'फ्रीमन', म्हणजे शहरात धंद्याचा हक्क मिळालेला माणूस, असावं लागे, आणि त्यासाठी बहुतेकांना आधी एखाद्या लिव्हरी कंपनीचं सभासदत्व घ्यावं लागे: ड्रेपर्स, गोल्डस्मिथ्स, स्टेशनर्स, क्लोथवर्कर्स, अशा अनेक. तिथे शिरायच्या वाटा तीन. उमेदवारी करून, बाप फ्रीमन झाल्यानंतर जन्मलेला मुलगा म्हणून, किंवा पैसे भरून. पहिल्या दोन वाटांनी आलेल्यांच्या कागदात बापाचं नाव मिळतं.

कंपनीच्या वहीत मुलगा बांधला गेल्याची नोंद असते, आणि सात-आठ वर्षांनी तो मोकळा झाल्याची. शहराच्या बाजूला त्याच माणसाचे फ्रीडमचे, म्हणजे फ्रीमन झाल्याचे, कागद असतात. ते १६८१ पासून द लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. जुन्या पुस्तकांत या संस्थेचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज असं सापडेल. या कागदांत पुष्कळदा मूळ करारच जोडलेला असतो, मुलाच्या स्वतःच्या सहीनिशी. अॅन्सेस्ट्रीवर त्यांची छायाचित्रं आहेत. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या पोराने दबकत केलेली सही बघायला मिळणं, याच्यासारखं समाधान या शोधात दुसरं नाही.

कंपन्यांच्या वह्या बहुतांशी लंडनच्या गिल्डहॉल लायब्ररीमार्फत पाहायला मिळतात. गोल्डस्मिथ्स, मर्सर्स, ड्रेपर्स आणि क्लोथवर्कर्स यांनी आपलं दफ्तर स्वतःकडे ठेवलंय. घरबसल्या आधी 'रोल्को' ही फुकट साइट पाहा. तिथे काही कंपन्यांचे अप्रेंटिस आणि फ्रीमन नावाने शोधता येतात. फाइंडमायपास्टवर लंडनच्या अप्रेंटिसांच्या गोषवाऱ्यांचा मोठा संग्रह आहे, १४४२ ते १८५० चा. गोषवारा सापडला तरी मूळ पान मागवून पाहाच. समासात 'दुसऱ्या मालकाकडे दिला' किंवा 'पळाला' असे शेरे असतात आणि ते गोषवाऱ्यात येतीलच असं नाही.

इथे नवख्यांना चकवणारी गोष्ट एकच: कंपनीचं नाव म्हणजे धंदा नव्हे. लंडनच्या रूढीप्रमाणे एका कंपनीचा फ्रीमन दुसरा कुठलाही धंदा करू शके. 'सिटिझन अँड ड्रेपर' असं लिहिलेला माणूस कापड विकत असेलच असं नाही. तो छापखानेवाला असेल, नाहीतर लाकडाचा व्यापारी. म्हणून पूर्वज सुतार होता म्हणून फक्त सुतारांच्या कंपनीत शोधून थांबू नका. बायकांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. टोप्या-झगे शिवणाऱ्या बाईकडे मुलगी शिकायला गेली तरी करारात बाईच्या नवऱ्याचं नाव आणि नवऱ्याची कंपनी लिहिली जाई. वहीत मुलगी एखाद्या लोहाराच्या कंपनीत दिसते, प्रत्यक्षात हातात सुई-दोरा.

एक खरी नोंद जवळून पाहू. ४ ऑगस्ट १७७२. मुलगा विल्यम ब्लेक, पुढे कवी आणि चित्रकार म्हणून जगभर ओळखला गेलेला. बाप जेम्स, ब्रॉड स्ट्रीट, कार्नबी मार्केट, धंदा पायमोज्यांचा. मालक जेम्स बझायर, ग्रेट क्वीन स्ट्रीट, खोदकाम करणारा. मुदत सात वर्षं, रक्कम ५२ पौंड १० शिलिंग. नोंद स्टेशनर्स कंपनीच्या दफ्तरात, कारण बझायर त्या कंपनीचा. आता हिशेब करा: १७७२ म्हणजे करखात्याच्या वह्यांत बापाचं नाव लिहिणं जवळजवळ बंद झालेलं. ते नाव, त्याची गल्ली आणि त्याचा धंदा कंपनीच्या वहीने दिला. रक्कम मोजली तर ती बरोबर ५० गिनी भरते, कारण गिनी म्हणजे २१ शिलिंग. मोज्यांचा दुकानदार मुलाच्या शिक्षणाला ५० गिनी काढतो, यावरून घरची स्थिती बरी होती हे कळतं. आणि चौदा वर्षांचा मुलगा धरला तर जन्म १७५७-५८. ब्लेक जन्मला नोव्हेंबर १७५७ मध्ये. आपल्या पूर्वजाच्या नोंदीलाही असेच प्रश्न विचारायचे.

थेम्स नदीवर होड्या चालवणारे असतील तर त्यांची स्वतंत्र वॉटरमन कंपनी होती. तिच्या उमेदवारांच्या वह्या सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात, गिल्डहॉल लायब्ररीत. लंडनच्या नदीकाठच्या घराण्यांना या वह्या वरदान आहेत, कारण बाप-मुलगा-नातू पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यात.

लंडनबाहेरची शहरं

ब्रिस्टलच्या उमेदवारांच्या वह्या १५३२ पासून आहेत, ब्रिस्टल आर्काइव्ह्जमध्ये. बंदराचं शहर असल्यामुळे तिथे वेल्समधून आणि आसपासच्या परगण्यांतून मुलं येत. शेफील्डच्या चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची कटलर्स कंपनी १६२४ च्या कायद्याने झाली आणि तिच्या अप्रेंटिस व फ्रीमनांच्या याद्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापल्या गेल्या. यॉर्क, नॉरिच, चेस्टर, कॉव्हेंट्री इथेही फ्रीमनांची दफ्तरं आहेत. आपल्या शहराचं काय शिल्लक आहे ते नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी या सूचीत गावाचं नाव आणि 'अप्रेंटिस' हा शब्द टाकून बघावं. देशभरातल्या परगणा दफ्तरांतल्या कागदांची नोंद तिथे मिळते.

पॅरिशने पैसे भरले

पूर्वज गरीब होते म्हणून लोक शोध सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गरिबांचे कागद कित्येकदा दुकानदारांपेक्षा जास्त बोलके असतात. १६०१ च्या गरीब कायद्याने पॅरिशच्या अधिकाऱ्यांना दोन न्यायाधीशांच्या संमतीने निराधार मुलं कामाला बांधायचा अधिकार दिला. मुलगे चोवीस वर्षांचे होईपर्यंत, मुली एकवीस किंवा लग्न होईपर्यंत. मुलग्यांची मर्यादा १७७८ मध्ये एकवीसवर आली. शिकवायला म्हणून लिहिलेलं काम बहुधा मुलग्यांना शेतीचं, मुलींना घरकामाचं.

हे करार पॅरिशच्या पेटीतून आता परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये आलेले आहेत. करारात चर्चच्या कारभाऱ्यांची नावं, न्यायाधीशांच्या सह्या, मुलाचं नाव आणि मालक असतो. आई-बापाचं नाव पुष्कळदा नसतं. १८०२ च्या कायद्याने मात्र पॅरिशला छापील रकान्यांची वही ठेवणं भाग पडलं आणि त्यात मुलाचं वय, आई-बापाची नावं, त्यांचं राहण्याचं ठिकाण असे रकाने होते. १८०२ ते १८४४ या काळातला गरीब पूर्वज असेल तर ही वही पहिली मागवा.

करार हरवला असला तरी दुसरी वाट आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. गरिबाला मदत कोणत्या पॅरिशने द्यायची हे त्याच्या 'सेटलमेंट'वर, म्हणजे हक्काच्या वस्तीवर ठरे. ज्या पॅरिशमध्ये अप्रेंटिस म्हणून चाळीस दिवस राहिला, तिथली वस्ती त्याला मिळे. त्यामुळे पुढे तीस-चाळीस वर्षांनी माणूस आजारी पडून दुसऱ्या गावात मदत मागायला आला की न्यायाधीश त्याचा जबाब घेत: कुठे जन्मलास, कुणाकडे बांधला गेलास, किती वर्षं होतास, मालक कुठे राहायचा, नंतर कुठे भाड्याने राहिलास, लग्न कुणाशी, मुलं किती, वयं काय. चार ओळींत अख्खा माणूस उभा राहतो. रेकॉर्ड ऑफिसच्या सूचीत 'सेटलमेंट एक्झामिनेशन' (असा जबाब) आणि 'रिमूव्हल ऑर्डर' (हक्काच्या पॅरिशला परत पाठवण्याचा हुकूम) हे दोन शब्द शोधा. लंडनच्या काही पॅरिशांचे असे कागद 'लंडन लाइव्ह्ज' या साइटवर फुकट वाचता येतात, १६९० ते १८०० या काळातले.

अठराव्या शतकाच्या शेवटी कापूसगिरण्या निघाल्या तशी लंडनच्या वर्कहाऊसमधली, म्हणजे पॅरिशने गरिबांना ठेवायच्या घरांतली, मुलं गाड्या भरून उत्तरेकडे पाठवली जाऊ लागली. चेशायरमध्ये स्टायल इथे सॅम्युएल ग्रेगने १७८४ मध्ये क्वारी बँक गिरणी काढली आणि मुलांसाठी वेगळं घर बांधलं. हॅकनीच्या वर्कहाऊसमधून तिथे गेलेली दोन मुलं, जोसेफ सेफ्टन आणि टॉमस प्रीस्टली, १८०६ मध्ये पळून पायी लंडनला आली. टॉमस तेरा वर्षांचा होता, यंत्रात त्याचं एक बोट गेलं होतं. आईला भेटायचं होतं, असं त्यांनी जबाबात सांगितलं. मिडलसेक्सच्या न्यायाधीशांपुढचे त्यांचे जबाब टिकून आहेत. म्हणजे लंडनच्या बाप्तिस्म्यानंतर मूल नाहीसं झालं आणि दफनही सापडत नसेल, तर लँकेशायर, चेशायर, डर्बीशायरच्या गिरण्यांकडे पाहायला हवं. १८१६ च्या कायद्याने लंडनची मुलं चाळीस मैलांपलीकडे बांधायला बंदी झाली, तिथे ही वाट संपते.

धर्मादाय संस्थेने पैसे भरले

लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला १७३९ मध्ये सनद मिळाली आणि टॉमस कोरमच्या खटपटीने १७४१ पासून टाकलेली मुलं घेतली जाऊ लागली. मूल आलं की त्याचं नाव बदलत, आणि मोठं झाल्यावर अप्रेंटिस म्हणून बाहेर देत. त्यांच्या वह्या द लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पूर्वज अचानक कुठूनतरी उगवल्यासारखा दिसतो, बाप्तिस्मा कुठेच नाही, तेव्हा या वह्या बघाव्यात. मूळ आईपर्यंत पोहोचायचं तर मुलाचा दाखल क्रमांक हाच दुवा. जोनास हॅन्वेच्या मरीन सोसायटीने १७५६ पासून गरीब मुलं जहाजांवर पाठवली; तिचं दफ्तर ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे.

कोणीच पैसे भरले नाहीत

मायकेल फॅरडे १८०५ मध्ये लंडनच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो या पुस्तकबांधणीवाल्याकडे बांधला गेला. आधी वर्षभर तो तिथे निरोप्या होता. त्याच्या प्रामाणिक कामाकडे पाहून प्रीमियम घेतलेला नाही, असं करारातच लिहिलं होतं. प्रीमियम नाही म्हणजे कर नाही, आणि कर नाही म्हणजे करखात्याच्या वह्यांत नाव नाही. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण ७ ऑक्टोबर १८०५ चा तो करार जपला गेला म्हणून आपल्याला ठाऊक. आपल्या पूर्वजाचा करार जपलेला नसेल तर मालकाकडून शोधायचं: मालकाचं मृत्युपत्र, त्याच्या धंद्याचे कागद, जमीनदाराच्या घराण्याचं दफ्तर. परगण्याच्या क्वार्टर सेशन्स न्यायालयात मालकाने मारहाण केली, जेवायला दिलं नाही, अशा तक्रारी आणि करार मोडल्याचे निकाल असतात. आणि जुनी वर्तमानपत्रं. पळालेल्या अप्रेंटिसाबद्दल मालक जाहिरात देत: उंची, केसांचा रंग, चेहऱ्यावरचे वण, अंगावर कोट कसला होता, बोलण्याची ढब कुठली. फोटो निघण्याच्या आधीच्या काळातल्या साध्या माणसाचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे मिळणं कठीण. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर मालकाचं नाव टाकून शोधा.

काही धंद्यांची घरं वेगळी आहेत. व्यापारी जहाजांवरच्या अप्रेंटिसांची यादी १८२४ पासून 'बी टी १५०' मालिकेत क्यू इथे. वकिलांना १७२८ च्या कायद्याने पाच वर्षं कारकुनी सक्तीची, त्यांची प्रतिज्ञापत्रं न्यायालयांच्या दफ्तरात. औषधवाल्यांना १८१५ पासून पाच वर्षांची उमेदवारी आणि अपोथेकरीज सोसायटीची परीक्षा; जॉन कीट्स हा कवी १८१६ मध्ये ती पास झाला होता.

अक्षर आणि तारखा

सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर पहिल्यांदा पाहिलं की इंग्रजी येणाराही गांगरतो. देवनागरी येत असून मोडीचा कागद लागत नाही, तसंच. नॅशनल आर्काइव्ह्जने जुनं अक्षर वाचायचे फुकट धडे साइटवर ठेवलेत. आधी महिने आणि नेहमीच्या धंद्यांची नावं ओळखायला शिका, कारण ती पानोपानी तीच असतात; त्यांवरून त्या कारकुनाची अक्षरं कळतात आणि मग आडनाव सुटतं. आडनावाचं स्पेलिंग धरून बसू नका, एकाच पानावर दोन प्रकारे लिहिलेलं असतं.

तारखांचा घोळ मोठा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत १० फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. टिपण करताना १७२०/२१ असं दोन्ही लिहावं, नाहीतर मूल जन्मायच्या आधी कामाला लागलेलं दिसेल.

नोंद आपलीच आहे, हे कसं ठरवायचं

नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही. बापाचं नाव आणि गाव मिळालं की त्या गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मुलगा शोधा आणि मग त्याच वहीत दफनही पाहा. तो लहानपणीच गेला असेल तर तुमचा अप्रेंटिस तो नव्हे. करारात बाप 'मयत' असेल तर त्याचं दफन त्या तारखेच्या आधी सापडायला हवं. मग पुढच्या टोकाने तपासा: मुदत संपल्यावर तो फ्रीमन झाला का, त्याच पॅरिशमध्ये लग्न केलं का, लग्नाच्या दाखल्यावरची सही करारावरच्या सहीशी मिळते का. लग्न मुदतीच्या आतलं निघालं तर शंका घ्या, कारण उमेदवाराला लग्नाची मनाई असे. फ्रीमन झाल्याची नोंद नसली तर घाबरू नका, मुदत पुरी न करता घरी परतलेले किंवा दुसरीकडे गेलेले पुष्कळ होते. तेव्हा मूळ गावातच त्याचं लग्न आणि मुलं शोधा.

सगळं जुळलं तर बापाचा धंदाही आता हाती आला आहे. त्याचं वय अंदाजून वीस-तीस वर्षं मागे जा आणि त्याची स्वतःची उमेदवारी त्याच क्रमाने शोधायला घ्या. १७१० च्या मागे करखात्याच्या वह्या नाहीत, तिथून पुढे लंडनच्या कंपन्या, ब्रिस्टलसारख्या शहरांची दफ्तरं आणि पॅरिशचे करार एवढेच उरतात. इंग्लंडमध्ये राहत असाल तर बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत अॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट फुकट वापरता येतं. भारतातून शोधत असाल तर फॅमिलीसर्च या साइटवर फुकट खातं उघडा, आणि परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना मालिकेचं नाव, वर्षं, मुलाचं आणि मालकाचं नाव एवढंच नेमकं लिहा. नुसतं 'आमच्या घराण्याची माहिती हवी' असं लिहिलं तर कुठली वही काढायची हे तिथल्या माणसाला कळणार नाही.